इटालियनची अनियमित क्रियापदे: पाच रूपे पाठ करा, बाकीची काढता येतात

इटालियन शिकायला घेतलेल्या मराठी माणसाची पहिले काही आठवडे मजेत जातात. उच्चार सोपे, शब्द गोड, वाक्ये लवकर जमतात. मग क्रियापदांचे तक्ते समोर येतात. 'येणे' या अर्थाच्या 'वेनीरे' या एकाच क्रियापदाची नुसत्या साध्या काळांतली ४७ रूपे होतात. सहायक क्रियापद जोडून होणारे संयुक्त काळ त्याहून वेगळे. त्यात अनियमित क्रियापद म्हटले की वाटते, ही सगळी रूपे घोकल्याशिवाय सुटका नाही.

सुटका आहे. इटालियनमध्ये अनियमितपणा कुठेही, कसाही पसरलेला नाही. तो ठरावीक जागी असतो, आणि त्या जागा माहीत असल्या की प्रत्येक क्रियापदाची पाच रूपे लक्षात ठेवून उरलेली बहुतेक सगळी काढता येतात. ती कशी काढायची, कोणत्या क्रमाने, आणि अपवाद नेमके कोणते, एवढेच या लेखात सांगायचे आहे. नियमित क्रियापदे (आरे, एरे, ईरे या तीन शेवटांची) थोडीफार येतात असे धरून चालले आहे.

वाचण्याआधी एक सूचना. सगळी इटालियन रूपे देवनागरीत दिली आहेत. जोडाक्षर दिसेल तिथे व्यंजनावर नीट जोर द्या: 'फातो' म्हणजे नशीब, 'फात्तो' म्हणजे केलेले. 'पक्का', 'सत्तर' म्हणणाऱ्यांना हे अवघड नाही. एकेरी 'स' लिखाणाशी जुळावा म्हणून 'स'च ठेवला आहे. उत्तर इटलीत दोन स्वरांमध्ये तो 'झ'कडे झुकतो.

आधी खोटी अनियमित क्रियापदे बाजूला काढा

पुष्कळ क्रियापदे अनियमित वाटतात, पण नसतात. 'चेर्कारे' (शोधणे) घ्या. रोमन लिपीत 'तू शोधतोस'च्या रूपात मध्येच एक एच घुसतो आणि नवखा विद्यार्थी बिचकतो. देवनागरीत लिहून पाहा: चेर्को, चेर्की, चेर्का. काहीच बिघडलेले नाही. 'क'चा उच्चार टिकावा म्हणून केलेली ती स्पेलिंगची सोय आहे. 'पागारे' (पैसे देणे) तसेच: पागो, पागी.

याच्या उलट 'लेज्जेरे' (वाचणे) रोमन लिपीत अगदी सरळ दिसते, पण कानाला बदल ऐकू येतो: लेग्गो, लेज्जी, लेज्जे, आणि 'ते वाचतात' लेग्गोनो. 'विंचेरे' (जिंकणे) विंको, विंची. हेही वर्तमानकाळात नियमितच आहे. पुढे इ किंवा ए आला की ग चा ज आणि क चा च होतो, एवढेच.

तिसरा गट 'फिनीरे' (संपवणे), 'कापीरे' (समजणे) यांचा. फिनीस्को, फिनीश्शी, फिनीश्शे, फिन्यामो, फिनीते, फिनीस्कोनो. हा ईरे गटाचा दुसरा नियमित नमुना आहे. एकदा शिकला की शेकडो क्रियापदांना चालतो. एवढी झाडलोट केली की खरी अनियमित क्रियापदे बरीच कमी उरतात. आरे गटात तर फक्त चार: आंदारे (जाणे), दारे (देणे), स्तारे (राहणे, असणे) आणि फारे (करणे).

चार अर्थ शाळेत शिकलेलेच आहेत

इटालियन व्याकरणातले 'मोदी' म्हणजे आपल्या शालेय व्याकरणातले क्रियापदाचे अर्थ. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. इंदिकातीवो हा स्वार्थ, इंपेरातीवो आज्ञार्थ. कोंज्युन्तीवो बऱ्याच ठिकाणी आपल्या विध्यर्थाचे काम करतो आणि कोंदित्स्योनाले संकेतार्थाचे. वाटण्या तंतोतंत जुळत नाहीत, पण कोंज्युन्तीवो समजून घेताना मराठी माणसाला जी आयती मदत मिळते ती वाया घालवू नये.

'तू यावेस असे मला वाटते' या वाक्यात 'येतोस' म्हणून चालत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इटालियनमध्येही 'वोल्यो के तू व्येनी' चालत नाही. 'वोल्यो के तू वेंगा' असेच म्हणावे लागते. इच्छा, शंका, आशा, भीती, 'त्याआधी', 'जरी', 'यासाठी की' अशा शब्दांनंतर इटालियन माणूस कोंज्युन्तीवोकडे वळतो. कुठे वळायचे हे हळूहळू कानाला कळते. रूपे मात्र आधी हाताशी हवीत.

पाच रूपांची चिठ्ठी

प्रत्येक अनियमित क्रियापदासाठी एक चिठ्ठी करा. वर मूळ रूप, खाली पाच रूपे. 'वेनीरे'ची चिठ्ठी अशी:

वेनीरे (येणे)
मी येतो: वेंगो
तू येतोस: व्येनी
मी येईन: वेर्रो
मी आलो (पासातो रेमोतो, म्हणजे दूरचा साधा भूतकाळ): वेन्नी
आलेला (पार्तिचीप्यो, म्हणजे भूतकालवाचक विशेषण): वेनूतो

आता यातून काय काय निघते ते क्रमाने पाहू. 'वेंगो'मधून 'ते येतात' वेंगोनो आणि सगळा वर्तमान कोंज्युन्तीवो. 'व्येनी'मधून 'तो येतो' व्येने आणि 'ये!' ही आज्ञा. मूळ रूपातून 'आम्ही येतो' वेन्यामो, 'तुम्ही येता' वेनीते, चालू भूतकाळ वेनीवो आणि वेनेंदो (येत). 'वेर्रो'मधून सगळा भविष्यकाळ आणि सगळा कोंदित्स्योनाले. 'वेन्नी'मधून वेन्ने आणि वेन्नेरो. 'वेनूतो'मधून सगळे संयुक्त काळ. अशा तीस चिठ्ठ्या झाल्या की रोजच्या बोलण्यातला बहुतेक अनियमित भाग तुमच्या ताब्यात येतो.

वर्तमानकाळ: मी आणि ते एका बाजूला

वर्तमानकाळातली मोठी खूण अशी: 'मी' आणि 'ते' यांचा धातू सहसा एकच असतो, आणि 'आम्ही', 'तुम्ही' मूळ रूपाला धरून राहतात. तेंगो–तेंगोनो (धरणे), रिमांगो–रिमांगोनो (उरणे, थांबणे), साल्गो–साल्गोनो (चढणे), शेल्गो–शेल्गोनो (निवडणे), तोल्गो–तोल्गोनो (काढणे), दीको–दीकोनो (सांगणे). 'ग' घुसणारा गट मोठा आहे, आणि तो घुसतो नेमका या दोनच जागी. 'उश्शीरे' (बाहेर पडणे) पाहा: एस्को, एश्शी, एश्शे, उश्शामो, उश्शीते, एस्कोनो. चार जागी ए, दोन जागी उ. ज्या रूपांत आघात धातूवर पडतो तिथे धातूचा स्वर बदलतो; 'आम्ही', 'तुम्ही'मध्ये आघात प्रत्ययावर सरकतो, म्हणून तिथे मूळ स्वर टिकतो. हे आघाताचे सूत्र लक्षात राहू द्या, भूतकाळात तेच पुन्हा कामाला येणार आहे.

या नियमाबाहेरची सहा क्रियापदे आहेत आणि ती सर्वांत जास्त वापरली जातात. सुदैवाने ती एकमेकांसारखी आहेत. तू, तो, ते अशी तीन रूपे एका दमात म्हणा: आई, आ, आन्नो (आवेरे, जवळ असणे). वाई, वा, वान्नो. दाई, दा, दान्नो. फाई, फा, फान्नो. स्ताई, स्ता, स्तान्नो. साई, सा, सान्नो (सापेरे, माहीत असणे). 'मी'ची रूपे वेगळी: ओ, वादो, दो, फाच्चो, स्तो, सो. 'आंदारे'मध्ये वादो आणि आंद्यामो अशी दोन वेगळी मुळे एकत्र आली आहेत. 'जातो' आणि 'गेला' म्हणणाऱ्या भाषेला त्यात नवल वाटू नये.

'पोतेरे' (शकणे), 'वोलेरे' (हवे असणे), 'दोवेरे' (करावे लागणे) ही तिन्ही पूर्ण पाठच करा, कारण यांच्यावाचून दिवस जात नाही. पोस्सो, पुओई, पुओ, पोस्स्यामो, पोतेते, पोस्सोनो. वोल्यो, वुओई, वुओले, वोल्यामो, वोलेते, वोल्योनो. देवो, देवी, देवे, दोब्ब्यामो, दोवेते, देवोनो. 'एस्सेरे' (असणे) अर्थातच: सोनो, सेई, ए, स्यामो, स्येते, सोनो.

वेंगोतून वेंगा: कोंज्युन्तीवो

कोंज्युन्तीवोला शिकणारे जितके घाबरतात तितके घाबरण्यासारखे त्याच्या रूपांत काही नाही. 'मी'चे वर्तमान रूप घ्या, शेवटचा ओ काढून आ लावा. वेंगो–वेंगा, दीको–दीका, फाच्चो–फाच्चा, वादो–वादा, एस्को–एस्का, बेवो–बेवा (पिणे), पोस्सो–पोस्सा, वोल्यो–वोल्या. मी, तू, तो या तिघांनाही हेच एक रूप. 'ते'साठी त्यालाच 'नो' जोडा: वेंगानो, दीकानो, वादानो. 'आम्ही'चे रूप स्वार्थातलेच: वेन्यामो. 'तुम्ही'साठी त्यातल्या 'मो'चा 'ते' करा: वेन्याते.

आरे गटातली नियमित क्रियापदे इथे उलटी जातात (पार्लो–पार्ली, बोलणे), पण वादो आणि फाच्चो त्यांच्या वाटेने जात नाहीत.

अपवाद ओळखण्याचीही खूण आहे. ज्यांचे 'मी'चे रूप एका अक्षराचे आहे ती चार, म्हणजे ओ, सो, दो, स्तो, आणि पाचवे सोनो. त्यांची रूपे आब्ब्या, साप्प्या, दीआ, स्तीआ, सीआ. देवोचे देवा होते, पण देब्बा जास्त ऐकू येते. 'आम्ही'तून 'तुम्ही' काढण्याचा नियम मात्र या पाचांनाही लागू पडतो: स्यामो–स्याते, आब्ब्यामो–आब्ब्याते.

एकदा हे आले की आदराची आज्ञा आपोआप येते. इटालियनमध्ये परक्या माणसाला 'लेई' म्हणतात आणि क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी ठेवतात. आज्ञा करताना हेच कोंज्युन्तीवोचे रूप वापरतात. आपण 'यावे, बसावे' म्हणतो तसेच. औषधाच्या दुकानात काउंटरवरची बाई 'मी दीका' म्हणते ते 'सांगा, काय हवंय' या अर्थाने. 'वेंगा', 'फाच्चा पुरे' (खुशाल करा), 'आब्ब्या पात्स्येन्त्सा' (जरा धीर धरा) हे दिवसभर कानावर पडते. म्हणून इटलीला जाणाऱ्याने कोंज्युन्तीवो पुढच्या पातळीवर ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्याच आठवड्यात तो समोर उभा राहतो.

ओळखीच्या माणसाची 'तू'ची आज्ञा बहुधा वर्तमानातलेच रूप असते: व्येनी, बेवी, एश्शी. पाच आखूड आज्ञा वेगळ्या लक्षात ठेवा: वा, दा, फा, स्ता, दी. यांना सर्वनाम चिकटले की व्यंजन दुणावते: दाम्मी (मला दे), दीम्मी (मला सांग), फाम्मी, वाच्ची (तिथे जा). एस्सेरे, आवेरे, सापेरे यांच्या आज्ञा सीई, आब्बी, साप्पी. 'नको' म्हणताना सरळ मूळ रूप: नोन आंदारे, नोन दीरे.

आक्रसलेली मूळ रूपे

चालू भूतकाळ, म्हणजे इंपेर्फेत्तो, इटालियनमधला सर्वांत सज्जन काळ आहे. खरा अनियमित तिथे फक्त एस्सेरे: एरो, एरी, एरा, एरावामो, एरावाते, एरानो. बाकी जी क्रियापदे अनियमित दिसतात त्यांचे मूळ रूपच काळाच्या ओघात आक्रसले आहे. लॅटिनमध्ये 'करणे' होते फाकेरे, 'सांगणे' दीकेरे, 'ठेवणे' पोनेरे. इटालियनमध्ये ती फारे, दीरे, पोर्रे झाली, पण प्रत्यय लागताना जुना लांब धातू अजून बाहेर येतो: फाचेवो, दीचेवो, पोनेवो. तसेच बेरे (पिणे) बेवेवो, त्रादूर्रे (भाषांतर करणे) त्रादूचेवो, त्रार्रे (ओढणे) त्राएवो. या सहांच्या चिठ्ठीवर हे सहावे रूप लिहून ठेवा. फाचेंदो, दीचेंदो, बेवेंदो, पोनेंदो, त्रादूचेंदो हीही त्याच धातूवरून होतात.

पोर्रे आणि त्रादूर्रे यांची कुटुंबे मोठी आहेत: प्रोपोर्रे, कोंपोर्रे, सुप्पोर्रे, प्रोदूर्रे, कोंदूर्रे. एकाची चिठ्ठी सगळ्या घराला पुरते. तेनेरेची मान्तेनेरे, ओत्तेनेरे. मेत्तेरेची पेर्मेत्तेरे, प्रोमेत्तेरे. प्रेंदेरेची कोंप्रेंदेरे, सोर्प्रेंदेरे. नवे क्रियापद दिसले की आधी त्याच्या पोटात जुने ओळखीचे आहे का ते बघायची सवय लावून घ्या.

भविष्य आणि संकेत एकाच धातूवर

भविष्यकाळाचे प्रत्यय ओ, आई, आ, एमो, एते, आन्नो. वर 'आवेरे'ची रूपे पाहिली ती आठवा: ओ, आई, आ, आन्नो. हा योगायोग नाही. मूळ रूपाला 'आवेरे'च्या लॅटिन पूर्वजाचा वर्तमानकाळ चिकटून रोमान्स भाषांतला भविष्यकाळ झाला. दोन शब्द चिकटताना मधला स्वर गळाला आणि तिथेच अनियमितपणा आला.

स्वर गळून नुसता जोड राहिला तो एक गट: आंद्रो, आव्रो, दोव्रो, पोत्रो, साप्रो, वेद्रो (पाहीन), विव्रो (जगेन). स्वर गळल्यावर ल किंवा न र ला भिडून विरघळला तो दुसरा: वेनीरेचे वेर्रो, तेनेरेचे तेर्रो, वोलेरेचे वोर्रो, रिमानेरेचे रिमार्रो. बेरेचे बेर्रोही यांच्याच रांगेत बसते. दारो, फारो, स्तारो आपला आ सोडत नाहीत. एस्सेरेचे सारो.

याच धातूला एई, एस्ती, एब्बे, एम्मो, एस्ते, एब्बेरो लावले की कोंदित्स्योनाले तयार: वेर्रेई, आंद्रेई, पोत्रेई, सारेई. 'वोर्रेई उन काफ्फे' (मला एक कॉफी हवी होती) हे वाक्य बहुतेकांना पहिल्या दिवसापासून येते. त्यातच हा सगळा काळ दडलेला आहे. एका जागी मात्र सांभाळा: वेर्रेमो म्हणजे आम्ही येऊ, वेर्रेम्मो म्हणजे आम्ही आलो असतो किंवा येऊ शकलो तर येऊ. फरक फक्त दुहेरी म चा आहे, आणि अर्थ पार बदलतो.

पासातो रेमोतो: तीन वाकडी, तीन सरळ

हा काळ उत्तर इटलीत बोलण्यात क्वचित ऐकू येतो. मिलान, तोरिनोकडे वर्षांपूर्वीची गोष्टही संयुक्त भूतकाळात सांगतात. तोस्काना आणि दक्षिणेत मात्र तो बोलण्यात जिवंत आहे, सिसिलीत तर फारच. आणि चरित्र, इतिहास, कथा उघडली की पहिल्याच ओळीत भेटतो. सावरकरांमुळे मराठी वाचकांना परिचित झालेल्या मॅझिनीबद्दल इटालियन पुस्तकात असे वाक्य येईल: 'मात्सीनी नाक्क्वे आ जेनोवा नेल १८०५ ए मोरी आ पीसा नेल १८७२.' जेनोव्हात जन्मला, पिसात वारला. 'नाक्क्वे' वाकडे आहे, 'मोरी' अगदी नियमित. पुढे 'विस्से' (जगला) आणि 'स्क्रीस्से' (लिहिले) येणारच. वाचता यायला हवे असेल तर या काळाला बगल देता येत नाही.

सूत्र असे: मी, तो, ते ही तीन रूपे वाकडी; तू, आम्ही, तुम्ही सरळ.

वेन्नी, वेनीस्ती, वेन्ने, वेनीम्मो, वेनीस्ते, वेन्नेरो.
फेची, फाचेस्ती, फेचे, फाचेम्मो, फाचेस्ते, फेचेरो.
दीस्सी, दीचेस्ती, दीस्से, दीचेम्मो, दीचेस्ते, दीस्सेरो.

मोठ्याने म्हणून पाहा. वेन्नी म्हणताना जोर धातूवर येतो, वेनीस्ती म्हणताना प्रत्ययावर. वर्तमानकाळात पाहिलेले आघाताचे सूत्र ते हेच: जिथे जोर तिथे बदल. म्हणून 'मी'चे एक रूप पाठ असले की पुरते. त्याच्या शेवटच्या ई चा ए केला की 'तो', त्याला 'रो' लावला की 'ते'.

एस्सेरे, दारे, स्तारे या तिघांना हे सूत्र लागू नाही: फुई, फोस्ती, फू, फुम्मो, फोस्ते, फूरोनो, द्येदी, देस्ती, द्येदे, देम्मो, देस्ते, द्येदेरो, स्तेत्ती, स्तेस्ती, स्तेत्ते, स्तेम्मो, स्तेस्ते, स्तेत्तेरो. द्येदीच्या जागी देत्तीही चालते. आंदारे मात्र इथे नियमित आहे: आंदाई, आंदास्ती, आंदो.

आता एक फार उपयोगी गोष्ट. 'तू'च्या रूपातले 'स्ती' काढून 'स्सी' लावा, भूतकाळी कोंज्युन्तीवो मिळतो. वेनीस्ती–वेनीस्सी, फाचेस्ती–फाचेस्सी, फोस्ती–फोस्सी, देस्ती–देस्सी, स्तेस्ती–स्तेस्सी. वरच्या तीन हट्टी क्रियापदांनाही हा नियम चालतो. पुढे रूपे अशी: फोस्सी, फोस्सी, फोस्से, फोस्सीमो, फोस्ते, फोस्सेरो.

पार्तिचीप्यो जोडीने शिका

पाचवे रूप एकटे पाठ करू नका, चौथ्याबरोबर जोडी लावा. जोड्यांमध्ये स्पष्ट ठसे दिसतात. प्रेसी–प्रेसो (घेणे), क्यूसी–क्यूसो (बंद करणे), देचीसी–देचीसो (ठरवणे). स्क्रीस्सी–स्क्रीत्तो, दीस्सी–देत्तो, लेस्सी–लेत्तो, त्रादूस्सी–त्रादोत्तो: स्स चा त्त. शेल्सी–शेल्तो, तोल्सी–तोल्तो, विन्सी–विंतो, प्यान्सी–प्यांतो (रडणे). क्येसी–क्येस्तो (मागणे, विचारणे), रिस्पोसी–रिस्पोस्तो (उत्तर देणे), रिमासी–रिमास्तो.

आणि ज्यांत धातूचे शेवटचे व्यंजन दुणावते त्यांचा पार्तिचीप्यो बहुधा सरळ 'ऊतो'चा असतो: वेन्नी–वेनूतो, तेन्नी–तेनूतो, वोल्ली–वोलूतो, काद्दी–कादूतो (पडणे), सेप्पी–सापूतो, एब्बी–आवूतो, बेव्वी–बेवूतो, कोनोब्बी–कोनोश्शूतो (ओळखणे). याला बगल देणारी दोन लक्षात ठेवा: नाक्क्वी–नातो (जन्मणे) आणि रुप्पी–रोत्तो (मोडणे). विस्सीचे विस्सूतो होते. आपेर्तो (उघडलेले), कोपेर्तो, ओफ्फेर्तो, सोफ्फेर्तो ही चौकडी वेगळी, आणि मोर्तोही. विस्तो–वेदूतो (पाहिलेले) आणि पेर्सो–पेर्दूतो (हरवलेले) यांची दोन्ही रूपे बरोबर आहेत.

एस्सेरे की आवेरे: 'ने'ची कसोटी

संयुक्त काळात सहायक क्रियापद कोणते लावायचे हा नेहमीचा गोंधळ. इथे मराठीचा भूतकाळ हाताशी ठेवा. 'तिने पत्र लिहिले': कर्त्याला 'ने' लागला, म्हणजे आवेरे: आ स्क्रीत्तो उना लेत्तेरा. 'ती आली': 'ने' नाही, एस्सेरे: ए वेनूता. आपल्याकडे 'आली' कर्त्यानुसार बदलते, तसेच एस्सेरेबरोबर वेनूतो, वेनूता, वेनूती, वेनूते बदलते.

ही कसोटी एकाच बाजूने पक्की आहे. 'ने' असेल तर आवेरे जवळजवळ निश्चित. फक्त स्वतःवर येणाऱ्या क्रियेत (सी ए लावाता, तिने अंघोळ केली) एस्सेरे येते. पण 'ने' नसेल तर एस्सेरेच असे धरू नका. 'ती हसली', 'ती बोलली', 'ती झोपली' यांत 'ने' नाही, तरी इटालियनमध्ये आ रीसो, आ पार्लातो, आ दोर्मीतो. जाणे, येणे, जन्मणे, मरणे, थांबणे, होणे अशा हालचालीच्या आणि स्थिती बदलण्याच्या क्रियापदांना एस्सेरे, हा नियम सोबत ठेवा. 'मला आवडले'चे प्याचेरेही एस्सेरेवालेच: मी ए प्याच्यूतो.

कर्मानुसार बदलही ओळखीचा वाटेल. 'मी पत्र लिहिले, मी चिठ्ठी लिहिली' असे आपण नेहमी करतो. इटालियन हे फक्त तेव्हाच हमखास करते, जेव्हा कर्म 'लो, ला, ली, ले' अशा सर्वनामाच्या रूपात आधी येते: ओ स्क्रीत्तो उना लेत्तेरा, पण लो स्क्रीत्ता (ती मी लिहिली).

संयुक्त काळांची माळ तर मराठीला जवळजवळ शब्दशः जुळते:

आला आहे: ए वेनूतो
आला होता: एरा वेनूतो
आला असेल: सारा वेनूतो
आला असावा: सीआ वेनूतो
आला असता: फोस्से वेनूतो, सारेब्बे वेनूतो

'सारा वेनूतो' हा दिसायला भविष्यकाळ, पण अंदाजासाठी वापरतात, अगदी 'आला असेल' सारखा. शेवटच्या ओळीत मात्र मराठी एका रूपात भागवते आणि इटालियन दोन मागते. 'तू आला असतास तर मी गेलो असतो': से तू फोस्सी वेनूतो, इओ सारेई आंदातो. 'से' (जर) असलेल्या बाजूला कोंज्युन्तीवो, परिणामाच्या बाजूला कोंदित्स्योनाले. दोन्हीकडे 'असता' म्हणायची सवय असल्याने आपली जीभ 'से सारेई' म्हणायला धावते, आणि ती चूक इटालियन कानाला फार खुपते. 'से' उच्चारला की पुढचा शब्द फोस्सी, आवेस्सी, पोतेस्सी, वेनीस्सी असाच हवा.

सराव कसा आणि कोणत्या क्रमाने

आधी एस्सेरे, आवेरे, फारे, आंदारे, स्तारे, दारे. मग तीन मदतनीस पोतेरे, वोलेरे, दोवेरे आणि सापेरे. मग वेनीरे, दीरे, उश्शीरे, बेरे, तेनेरे, रिमानेरे. त्यानंतर केवळ जोडीच्या गटातली: प्रेंदेरे, मेत्तेरे, स्क्रीवेरे, लेज्जेरे, वेदेरे, क्येदेरे, क्यूदेरे.

परीक्षा द्यायची असेल, म्हणजे सिएनाच्या विद्यापीठाची चिल्स, पेरुज्याची चेली किंवा दांते सोसायटीची प्लीदा, तर युरोपीय भाषा-पातळ्यांपैकी ए-टू या प्राथमिक पातळीपर्यंत वर्तमान, संयुक्त भूत आणि चालू भूत घट्ट करा. त्यापुढच्या बी-वन पातळीला भविष्य, संकेतार्थ आणि आज्ञार्थ हाताशी लागतो; लग्न किंवा वास्तव्याच्या आधारावर नागरिकत्व मागणाऱ्यांना २०१८ पासून हीच पातळी दाखवावी लागते. पासातो रेमोतो त्या टप्प्यावर ओळखता आला तरी भागते, तो लिहिण्याचा अट्टहास करू नका.

सराव तक्ता वरून खाली म्हणून करू नका, कारण बोलताना कोणी 'मी, तू, तो' या क्रमाने बोलत नाही. चिठ्ठी हातात घ्या, एक रूप वाचा आणि त्यातून निघणारी रूपे छोट्या वाक्यात म्हणा. 'वेंगो' दिसले की: 'वेंगो दोमानी' (उद्या येतो), 'वेंगोनो दोमानी', 'स्पेरो के वेंगा दोमानी' (उद्या येईल अशी आशा आहे), 'वेंगा दोमानी' (आपण उद्या यावे). 'वेर्रो' दिसले की: 'वेर्रो दोमानी', 'वेर्रेई, मा नोन पोस्सो' (आलो असतो, पण जमत नाही). 'वेनूतो' दिसले की वरची पाच ओळींची माळ पुरुष आणि स्त्री दोघांसाठी. एका चिठ्ठीला पाच मिनिटे पुरतात. रोज दोन चिठ्ठ्या, त्यातली एक जुनी. जिथे अडखळाल त्या रूपावर पेन्सिलीने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करा.